गाडी थांबवायला कोण शिकवणार?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी वाईत राहते आणि तालुक्याच्या पश्चिम भागातल्या जिल्हा परिषदेच्या एका शाळेत शिकवते. वय ४७. घरापासून शाळा २२ किलोमीटर. इतकी वर्षं हे अंतर कधी एसटीने, कधी वडापने, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खासगी जीपने काढलं. दोन वर्षांपूर्वी रीतसर ड्रायव्हिंग स्कूल लावलं, लायसन्स काढलं आणि २०२० सालची एक वापरलेली छोटी गाडी घेतली. हे पत्र लिहायला कारणीभूत झालेली गोष्ट त्या गाडीच्या पहिल्या पावसाळ्यात घडली.

जुलैचा महिना, धोम धरणाच्या कडेचा रस्ता, रिपरिप चालू. पुढच्या सीटवर वह्यांचे गठ्ठे ठेवले होते म्हणून मुलगी मागे बसली होती. तिने पट्टा लावलेला नव्हता आणि मीही तिला लावायला सांगितलं नव्हतं. वेग ५० च्या आसपास असेल. वळण संपलं आणि समोर म्हशींचा कळप, रस्ता पूर्ण अडवून. मी ब्रेक दाबला. दाबल्याबरोबर पायाखाली पेडल थरथरायला लागलं, खालून कडकड आवाज आला. मला वाटलं काहीतरी तुटलं. घाबरून मी पाय काढून घेतला. गाडी मोकळी झाली आणि पुढे धावली. मग मी स्टिअरिंग डावीकडे ओढलं आणि आम्ही चरात गेलो. म्हशींना काही झालं नाही. मुलीचं तोंड पुढच्या सीटच्या पाठीवर आपटलं, समोरचे दोन दात अर्धे तुटले, ओठाला पाच टाके पडले. गुराखी धावत आला आणि स्वतःच्या डोक्यावरची प्लास्टिकची खोळ काढून त्याने तिच्यावर धरली. तो स्वतः भिजत उभा राहिला. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी माझे मामा बघायला आले. मामांनी एसटीत ३१ वर्षं गाडी चालवली, त्यातली बरीचशी पसरणी आणि कुंभार्ली घाटात. सगळी हकीकत ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "पोरी, ब्रेकवरचा पाय का काढलास?"

मी म्हटलं, "ब्रेक तुटला असं वाटलं."

"तुटला न्हवता. तोच तर लागला हुता."

ज्या थरथरीला मी घाबरले, ती एबीएस नावाच्या यंत्रणेची होती. निसरड्या रस्त्यावर ब्रेक जोरात दाबला की चाकं जागच्या जागी अडकतात आणि गाडी घसरत जाते. अडकलेली चाकं कितीही वळवा, गाडी वळत नाही. एबीएस ब्रेकचा दाब सेकंदाला अनेक वेळा सोडतं आणि पुन्हा धरतं, त्यामुळे चाकं फिरती राहतात आणि स्टिअरिंग ऐकतं. हे सोडणं-धरणं पायाला थरथर म्हणून जाणवतं. अशा वेळी पाय तसूभरही न हलवता पेडल गच्च दाबून ठेवायचं आणि मोकळी जागा दिसेल तिकडे गाडी वळवायची. एवढंच करायचं होतं. एप्रिल २०१९ पासून देशात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे, म्हणजे अलीकडे नवी गाडी घेतलेल्या प्रत्येकाच्या पायाखाली हे आहे. मला गाडी विकणाऱ्यानेही "एबीएस आहे, ताई" असं दोनदा सांगितलं होतं. ते लागल्यावर पायाला काय कळतं, हे मात्र मला कोणीही सांगितलं नव्हतं.

संपादक महोदय, मी शिक्षिका आहे. मुलाला एखादी गोष्ट आली नाही, तर ती त्याला शिकवली होती का, हे मी आधी स्वतःला विचारते. म्हणून माझे ड्रायव्हिंग स्कूलचे दिवस मी पुन्हा आठवून पाहिले. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण बहुतेक ठिकाणी असंच चालतं असं मला इतर जणींशी बोलल्यावर कळलं. शिकवण्याच्या गाडीत सरांच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो. तो असायलाच हवा. पण रिक्षा आडवी आली की सर ब्रेक लावायचे, कुत्रं आलं की सर ब्रेक लावायचे. माझा पाय ब्रेकवर पोचायच्या आत गाडी थांबलेली असायची. मी पहिला गिअर टाकायला शिकले, हाफ क्लच शिकले, रिव्हर्स शिकले, गाडी बंद न पडू देता चौकातून काढायला शिकले. सगळं गाडी पुढे नेण्याचं शिक्षण. सगळ्या दिवसांत एकदाही मी ब्रेक तळापर्यंत दाबला नाही. दाबायला मला कोणी सांगितलंही नाही. जन्मात पहिल्यांदा पूर्ण ब्रेक दाबला तो म्हशींसमोर, पावसात, मुलगी मागे बसलेली असताना.

टेस्टच्या दिवशी मैदानावर एक फेरी, थोडं रिव्हर्स, आणि झालं. चार मिनिटंही लागली नाहीत.

हे सगळं नियमात नसतं तर मी शासनाकडे मागणी केली असती. पण ते नियमात आहे! केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ काढून वाचा. नियम १५ मध्ये लायसन्सच्या परीक्षेत उमेदवाराला काय काय करता आलं पाहिजे याची यादी आहे. अचानक प्रसंग आला तर गाडी थांबवता आली पाहिजे, असं तिथे लिहिलेलं आहे. उतारावर उतरताना चटकन खालचा गिअर टाकता आला पाहिजे, हेही आहे. तीव्र चढावर गाडी थांबवून, मागे न घसरू देता पुन्हा काढता आली पाहिजे, हेही आहे. नियम ३१ प्रमाणे हलक्या वाहनाचं प्रशिक्षण किमान २१ दिवसांचं आणि प्रत्यक्ष हातात गाडी किमान १० तास असायला हवी. वाचकांपैकी ज्यांनी गेल्या पाच-दहा वर्षांत लायसन्स काढलं, त्यांनी प्रामाणिकपणे आठवून सांगावं, यातलं काय काय तुमच्याकडून करून घेतलं गेलं?

मुलीचे टाके निघाल्यावर मामांनी मला पुन्हा शिकवायला घेतलं. एका बंद पडलेल्या कारखान्याचं डांबरी आवार आहे, तिथे मालकाची परवानगी काढून रविवारी सकाळी जायचो. शाळेत क्रीडास्पर्धांना मैदान आखायला फक्की वापरतो, तशी मी एक पिशवी घेऊन गेले. आवाराच्या मधोमध पांढरी रेघ मारली. रेघेवर पुढचं चाक आलं की पूर्ण ब्रेक. बाकी काही नाही.

पहिल्या दिवशी ४० च्या वेगाने आले आणि माझ्या मते जोरात ब्रेक दाबला. रेघेपासून गाडीपर्यंत मामांनी पावलं मोजली, एकवीस. "हे दाबणं न्हाई. लाडानं टेकवलास पाय. पेडल मोडत न्हाई, दाब." चौथ्या-पाचव्या वेळी खरा दाबला. तीच थरथर, तीच कडकड. या वेळी पाय काढला नाही. पुन्हा पावलं मोजली, बारा. नऊ पावलांचा हा फरक गाडीतला नव्हता, रस्त्यातला नव्हता, माझ्या पायातला होता. म्हशी आणि माझ्यामध्ये त्या दिवशी किती पावलं होती, हा विचार मनात आल्याशिवाय राहिला नाही.

मग २० च्या वेगाने करून पाहिलं. तीन पावलं. वीसला तीन, चाळीसला बारा. वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर चौपट होतं. संख्येचा वर्ग म्हणजे काय हे मी इतकी वर्षं फळ्यावर शिकवत आले, पण तो असा पायाखाली पहिल्यांदा उतरला. साठला करून बघण्याएवढं आवार मोठं नव्हतं, पण हिशेब सोपा आहे, तिप्पट वेग म्हणजे नऊपट अंतर, सत्तावीस पावलं. आणि हे ब्रेक दाबल्यानंतरचं. डोळ्यांना दिसून पाय पेडलवर जाईपर्यंत सावध माणसालाही एक सेकंद जातो. ६० च्या वेगात त्या एका सेकंदात गाडी जवळजवळ १७ मीटर जाते. आमच्या शाळेचा व्हरांडा टेपने मोजला, तेवढाच भरला. आता साठला काटा आला की पुढच्या गाडीच्या आणि माझ्या मध्ये मला तो व्हरांडा दिसतो. मोबाइलवर कोणाचा मेसेज आला हे बघायला तीन सेकंद लागतात. ८० च्या वेगात ते जवळजवळ ६७ मीटर झाले, डोळे मिटून. चौथीच्या मुलांनी हे गणित मला सोडवून दाखवलं आहे आणि त्यांनी ते घरी वडिलांनाही सांगितलं आहे.

क्लचबद्दल थोडं लिहिते, कारण ही सवय मला जवळजवळ प्रत्येक नव्या चालकात दिसते. आम्हाला शिकवलं जातं, गाडी हळू करायची म्हटलं की आधी डावा पाय क्लचवर. गाडी बंद पडू नये म्हणून. पण क्लच दाबला की इंजिन चाकांपासून सुटतं आणि गाडीला मागून धरून ठेवणारा इंजिनाचा जोर जातो. वेग कमी करताना आधी ॲक्सिलरेटर सोडायचा, मग ब्रेक, आणि गाडी अगदी थांबायला आली की क्लच. जीव वाचवायच्या क्षणी दोन्ही पाय एकदम गच्च गेले तरी चालतात. तिथे गाडी बंद पडली तरी बिघडत नाही. पण रोजच्या चालवण्यात क्लचची ही घाई घातक आहे, आणि घाटात तर फारच.

पसरणीच्या घाटात मी पाचगणीहून उतरत होते, मामा शेजारी. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये, पाय सतत ब्रेकवर. अर्ध्या घाटात मामांनी काच खाली केली आणि वास घेतला. "जळतंय बघ." ब्रेक सतत घासत राहिले की तापतात, आणि तापलेला ब्रेक पकड सोडतो. पेडल दाबलं तरी गाडी थांबत नाही. त्यांनी एका रुंद जागी गाडी घ्यायला लावली, अर्धा तास तिथे बसवलं, आणि मग दुसऱ्या गिअरमध्ये उतरवली. ज्या गिअरनं चढशील त्याच गिअरनं उतर, हे घाटात चालवणारा प्रत्येक जुना ड्रायव्हर सांगतो. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडी रोखून धरतं. ब्रेक मधूनमधून, वळणाच्या आधी लावायचा आणि सोडायचा. वळणात शिरल्यावर नाही.

आणि न्यूट्रल! पेट्रोल वाचतं म्हणून उतारावर न्यूट्रल करणारी शिकलीसवरलेली माणसं मी आमच्या स्टाफरूममध्ये पाहिली आहेत. काही जण तर इंजिन बंद करतात. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीनदा पेडल दाबेपर्यंतच पुरते, मग पेडल दगडासारखं होतं. स्टिअरिंगही जड होतं, आणि चुकून किल्ली निघाली तर लॉक होतं. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार आपल्या सर्वांच्या माहितीचा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका अवजड वाहनाने एकामागून एक अनेक गाड्यांना धडक दिली. न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्या अवजड गाड्यांची चर्चा त्या उतारावर वारंवार होते. छोट्या गाडीला वेगळा नियम नाही.

बसण्याचंही मला कोणी नीट सांगितलं नव्हतं. माझी उंची पाच फूट. स्कूलच्या गाडीची सीट पुढे सरकत नव्हती म्हणून पाठीमागे उशी घ्यायचे, आणि तीच सवय स्वतःच्या गाडीतही राहिली. पेडल पायाच्या बोटांनी दाबत होते, तर जोर कुठून येणार? मामांनी पहिल्याच दिवशी उशी काढून मागे टाकली, सीट पुढे आणि वर घेतली. ब्रेक तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, पाठ सीटला टेकलेली हवी, हात लांब केल्यावर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर यायला हवं. छाती आणि स्टिअरिंग यांच्यात किमान २५ सेंटिमीटर अंतर हवं, कारण एअरबॅग तिथूनच प्रचंड वेगाने उघडते. स्टिअरिंगला चिकटून बसणाऱ्या आम्हा बायकांनी हे आवर्जून बघावं. सुटी, सैल चप्पल नको. आणि पायाशी पाण्याची बाटली कधीच नको, ती घरंगळून ब्रेकच्या पेडलखाली गेली तर पाय कितीही जोरात दाबा, पेडल खाली जाणार नाही.

टायर मी त्या दिवसानंतर पहिल्यांदा वाकून पाहिले. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे. टायर झिजून त्यांना टेकला की तो बदलायचा. माझे पुढचे दोन्ही टेकले होते. पाण्याला बाहेर पडायला खाचच उरलेली नव्हती, तर ओल्या रस्त्यावर पकड कुठून राहणार. हवा किती भरायची हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं. पंपावरचा मुलगा "किती भरू?" विचारतो तेव्हा आपल्याला तो आकडा माहीत हवा, आणि हवा टायर थंड असताना बघायची.

पाचगणी-महाबळेश्वरला पावसाळ्यात गाडी घेऊन येणाऱ्या पाहुण्यांना एक विनंती. धुक्यात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका. मागच्याला तुम्ही थांबलात की वळताय हे कळत नाही. मोठा दिवाही नको, तो धुक्यावर आपटून तुमच्याच डोळ्यांत येतो. हेडलाइटचा खालचा झोत, कमी वेग, बस्स. आणि अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या.

पट्ट्याबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले, आणि मागच्यांनी पट्टे लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. ती बातमी मी शाळेत वर्गात वाचून दाखवली होती. मागच्या सीटवरच्या पट्ट्याचा नियम आहे, न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे, हेही मला माहीत होतं. तरी माझी मुलगी पट्ट्याशिवाय बसली होती, कारण रस्ता रोजचा, ओळखीचा. तिच्या दातांवर आता कॅप आहेत. हसताना ती अजून ओठांवर हात ठेवते. आता ओटीत बाळ घेऊन पुढे बसलेली आई दिसली की मी सिग्नलला काच खाली करून बोलते. काहींना राग येतो, येऊ दे. पुढे एअरबॅग आहे आणि मध्ये बाळ आहे. बाळाची जागा मागच्या सीटवर, त्याच्या मापाच्या खुर्चीत.

गेल्या हिवाळ्यात माझ्या ओळखीच्या पाच जणींना मामांनी त्याच आवारात शिकवलं. एक आशा सेविका, दोन शिक्षिका, एक भाजीचा टेम्पो चालवणारी, एक नुकतीच लायसन्स काढलेली कॉलेजची मुलगी. पाचही जणींनी सांगितलं की पूर्ण ब्रेक त्या पहिल्यांदाच दाबत आहेत. टेम्पोवाली चार वर्षं गाडी चालवते आहे. तिच्या टेम्पोला एबीएस नाही. चाकं अडकून टेम्पो सरळ घसरत गेला तेव्हा ती उतरून काळे पट्टे बघत कितीतरी वेळ उभी राहिली. मग मामांनी तिला पाय थोडा सैल करून, चाक फिरतं करून पुन्हा धरायला शिकवलं.

माझी मागणी नवा कायदा करा अशी नाही. नियम १५ मध्ये जे लिहिलंय ते परीक्षेत खरोखर करून घ्या. मैदानावर एक पांढरी रेघ मारा, उमेदवाराला ४० च्या वेगाने येऊ द्या आणि रेघेवर थांबायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे. ड्रायव्हिंग स्कूलच्या चालकांनी त्या दहा तासांतली एक सकाळ फक्त थांबण्याला द्यावी, आणि त्या सकाळी आपला पाय आपल्या बाजूच्या ब्रेकवरून काढून ठेवावा. २०२१ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची तरतूद झाली आहे, तिथे हलक्या वाहनासाठी चार आठवड्यांत २९ तासांचा अभ्यासक्रम आहे. ती केंद्रं तालुक्या-तालुक्यात पोचतील तेव्हा पोचतील. तोवर गावोगावी एसटीचे निवृत्त ड्रायव्हर आहेत. घाटात, पावसात, साठ-साठ माणसं मागे बसवून ज्यांनी आयुष्य काढलं, ती माणसं आज पारावर बसून आहेत. परिवहन विभागाने आणि एसटी महामंडळाने त्यांना मानधन देऊन बोलवावं. माझ्या मामांना कोणी मानधन देत नाही, ते चहावर येतात, पण सगळ्यांनी तसं का यावं?

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही पुन्हा त्या आवारात जमणार आहोत. या वेळी नऊ जणी आहेत. माझी मुलगी या वर्षी अठराची झाली, तिने लर्निंग लायसन्स काढलं आहे, तीही येणार आहे. परवा बाजारातून फक्कीचं अख्खं पोतं आणून ठेवलं. तिने मला विचारलं, पहिल्या दिवशी काय शिकवणार? मामा म्हणाले, रेघ मारायला.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका,
वाई, जि. सातारा